इतिहासाची काटापावती मागायला शिकवा

मंडळी, जरा कडू बोलतोय, पण ऐकून घ्या.

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिले दोन धडे इतिहासलेखनाचे आहेत. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशाच्या आधारावर, हे तपासण्याचे. आपण त्याचं काय केलं? 'आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण?' व्हॉल्टेअर. एक मार्क, विषय संपला!

शिवरायांच्या जन्मतिथीचंच घ्या. उत्तरकालीन बखरीत शके १५४९, वैशाख. जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. महाराजांच्या काळातल्या कवींद्र परमानंदांच्या शिवभारतातही तीच. ही शकावली १९१६ साली पुढे आणली खुद्द लोकमान्य टिळकांनी. वाद झाला, साधनं तोलली गेली आणि आज १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारमान्य आहे. महाराजांचा मान यानं तसूभर तरी कमी झाला का?

मग हेच नववी-दहावीच्या फळ्यावर दोन रकाने पाडून मांडायला काय हरकत आहे? "नको, पालक भांडायला येतील" म्हणणाऱ्या सरांना विचारतो, पोरं वादापासून लांब आहेत का? रोज रील बघतायत, स्टेटसवरून एकमेकांच्या अंगावर जातायत. फक्त पुरावा मागायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आणि 'ज्याचं त्याचं मत' हेही उत्तर नव्हे. पुराव्याचं वजन सारखं नसतं.

कारखान्यावर ऊस घातला की काटापावती बघितल्याशिवाय आपण घरी येत नाही. पोरांच्या डोक्यात मात्र बिनपावतीचा माल चाललाय!

येत्या पालकसभेत मार्कांबरोबर हेही विचारा.