स्वमग्न मुलाची घरची भाषा

तीन वर्षांचे झालेले मूल बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, म्हणून धास्तावलेले आईबाप तज्ज्ञाकडे जातात. स्वमग्नतेचे निदान होते आणि त्यापाठोपाठ पुष्कळदा एक सल्लाही मिळतो : घरात एकच भाषा बोला. ही एक भाषा कोणती, हे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत बहुधा शाळेच्या माध्यमाकडे पाहून ठरते आणि साहजिकच ती इंग्रजी असते. ज्या घरात आजी मालवणीत बोलते, आईबाप मराठीत भांडतात आणि शेजारपाजाऱ्यांशी व्यवहार हिंदीत चालतो, ते घर दुसऱ्या दिवसापासून मुलाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागते. आजी तर गप्पच होते. ज्या मुलाची मुख्य अडचण माणसांशी नाते जोडण्याची, त्याच्या भोवतालचे एक माणूस अशा रीतीने कमी होते.

सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. ज्याला एक भाषा पेलत नाही त्याच्यावर दुसरीचे ओझे कशाला, हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु त्याला पुराव्याचा आधार नाही. कॅनडातील हॅम्ब्ली व फोम्बॉन या संशोधकांनी ७५ स्वमग्न मुलांची पाहणी करून २०१२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन भाषा कानावर पडणारी मुले एकभाषिक घरांतील स्वमग्न मुलांपेक्षा भाषाविकासात मागे असल्याचे त्यांना आढळले नाही. चिनी व इंग्रजी बोलणाऱ्या स्वमग्न मुलांविषयी कॅनडातच त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यासही याहून निराळे सांगत नाही. हे अभ्यास लहान आहेत आणि एका छपराखाली तीन-चार भाषा नांदणाऱ्या भारतीय घरांतले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. बहुभाषिकता हे स्वमग्नतेवरचे औषध आहे असे त्यांवरून कोणी म्हणू लागला तर तेही चूकच. पण घरची भाषा सोडा असे जो सांगतो, त्याने तिच्यापासून होणारा अपाय दाखवून द्यायला नको काय?

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले, तेव्हाच त्यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदविली होती. यांतील बोलणारी मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणत आणि 'मी'च्या जागी 'तू' वापरीत. मराठी घरातही हेच घडते. तहानलेले मूल 'मला पाणी दे' असे न म्हणता 'तुला पाणी हवंय का?' असे म्हणते. कारण पाण्याचा पेला हाती येण्यापूर्वी त्याच्या कानावर नेहमी तेच वाक्य पडलेले असते. तिऱ्हाइताला ही निरर्थक पोपटपंची वाटेल. आईला मात्र अर्थ तात्काळ कळतो, कारण ते वाक्य तिचेच असते.

याच आईला परकी भाषा वापरायला लावली, की तिच्या बोलण्यात उरतात त्या फक्त आज्ञा : बस, ऊठ, खा, इकडे बघ. लाडीगोडी, लटका राग, अंगाई, स्वयंपाक करता करता स्वतःशीच चाललेली बडबड, हे सारे गळून जाते. आवाजाच्या चढउतारांतून भावना ओळखणे ज्याला मुळातच अवघड, त्याच्या वाट्याला मग भावनाच नसलेली भाषा येते.

आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, अशी समजूत पाश्चात्त्य देशांत एके काळी रूढ होती. बर्नार्ड रिमलँड यांच्या १९६४ मधील ग्रंथाने तिला हादरा दिला आणि पुढील संशोधनाने ती निकालात काढली. आईची माया निर्दोष ठरली. आता तिच्या भाषेवर बोट ठेवले जात आहे.

मराठीच्या अभिमान्यांनी मात्र यावरून हुरळून जाऊ नये. काही स्वमग्न मुले घरात कोणी न शिकविता पडद्यावरची गाणी ऐकून इंग्रजीच आधी उचलतात. रंगांची नावे, आकडे, मुळाक्षरे त्यांना त्याच भाषेत मुखोद्गत असतात. अशा मुलाला 'आधी मराठीत म्हण' म्हणून अडविणे हा त्याच हट्टाचा दुसरा अवतार होय. मूल ज्या दाराने बाहेर येईल ते दार उघडे ठेवावे. घरच्यांनी आपल्या भाषेत उत्तर द्यावे.

उपचार करणाऱ्यांनाही यात काही करता येईल. मुलाची तपासणी केवळ इंग्रजीत करून 'शब्दसंग्रह नाही' असा शेरा मारण्यापूर्वी त्याला भाकरी, तूप, आबा हे शब्द कळतात की नाही हे पाहायला हवे. न बोलणाऱ्या मुलांना चित्रांवर बोट ठेवून मनातले सांगता यावे यासाठी मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' हे मोबाइलवरील साधन मराठीतही आहे. अशा साधनात आजीला कळेल अशी भाषा निवडायला वेगळा खर्च येत नाही. दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत एखाद्या भाषेतून मिळणारी सूट रास्तच आहे आणि ती टिकली पाहिजे. पण ती सूट उत्तरपत्रिकेपुरती असते. ती भाषा जेवणाच्या पाटावर बोलायला तिने बंदी घातलेली नाही, एवढे शाळांनी पालकांना ती देतानाच स्पष्ट सांगावे.