दाखला तिचा, दरबार त्याचा

ते पत्रक मी लिहिलं होतं. आधी हे कबूल करतो, मग दुसऱ्यांची सालटी काढतो.

जानेवारी २०२१. मलकापूर तालुक्यातलं आमचं गाव. ग्रामपंचायतीची निवडणूक, आमच्या वस्तीच्या वॉर्डात एक जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव, आणि माझी वहिनी उभी. करोनामुळं गाड्यांचे जनरल डबे बंद होते, म्हणून मी गोदीतल्या एका ट्रकवाल्याच्या शेजारी बसून धुळं-जळगाव करत मलकापूरला उतरलो. चार दिवसांचे खाडे पडले, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या ते वेगळंच. पोरगा मुंबईत कविता करतो, मॅट्रिक झालाय, म्हणून पत्रकाचं काम माझ्याकडं. आणि मी, विद्रोही कवी, काय लिहिलं? 'समाजाचे झुंजार कार्यकर्ते अमुक अमुक यांच्या सौभाग्यवतीस प्रचंड बहुमताने विजयी करा.' दादाचा फोटो तळहाताएवढा. वहिनीचा पोस्टाच्या तिकिटाएवढा, लग्नाच्या फोटोतून कापलेला, नजर खाली. वर बुद्ध, फुले, बाबासाहेब. सावित्रीबाई राहूनच गेली. तिची जागा दादाच्या फोटोनं खाल्ली होती.

वहिनी निवडून आली. त्या साली सरपंचपदाचं आरक्षण निकालानंतर निघालं. आमच्या गावाला निघाली अनुसूचित जातीची महिला, आणि पंचायतीत तशी बाई ती एकच. वस्तीत हलगी वाजली, गुलाल उधळला. दुसऱ्या दिवसापासून गाव दादाला 'सरपंचसाहेब' म्हणायला लागलं. खुर्चीत दादा. ग्रामसेवकाचा फोन दादाला. तालुक्याच्या मीटिंगला दादा. रजिस्टर तेवढं चुलीपाशी यायचं, वहिनी पिठाचे हात पदराला पुसायची आणि सही करायची. दादा वाईट माणूस नाही. त्यानंच मला बोटाला धरून जयंतीला नेलं, नामांतराच्या गोष्टी सांगितल्या, मुंबईचं भाडं दिलं. हेच तर दुखणं आहे. वाईट माणसाला शिवी देऊन मोकळं होता येतं.

गोदीत आम्ही रात्रपाळीला जहाजाची वाट बघत मोबाइलवर 'पंचायत' ही मालिका बघतो. प्रधान बाई, कारभारी तिचा नवरा. सगळी टोळी हसते. मीही हसायचो. एका रात्री हसू आलं नाही.

गोदीत दुसरी एक गोष्ट रोज दिसते. जहाज लागतं, त्याच्या मागं झेंडा पनामाचा नाहीतर लायबेरियाचा. मालक तिसऱ्याच देशात बसलेला. खलाशी चौथ्या देशाचे. माल पाचव्याचा. पनामाचा त्या जहाजाशी संबंध किती? कागदापुरता. तिथला झेंडा लावला की मालकाला कर कमी, कायदे कमी, कटकट कमी. बाबांनो, आपल्या राखीव मतदारसंघांचं पनामा झालंय.

अमरावतीकडे बघा. आमचं मलकापूर अमरावती महसूल विभागातलं, लोकसभेला मात्र आमचं मत रावेरात पडतं. त्यामुळं अमरावतीत मी मतदार नाही, पण राखीव जागा कुठलीही असो, ती माझ्या बापजाद्यांच्या रक्ताची आहे, म्हणून बोलणार. रवी राणा २००९ पासून बडनेऱ्याचे आमदार. बडनेरा खुला मतदारसंघ. त्याच २००९ च्या निवडणुकीपासून, मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, अमरावतीची लोकसभा अनुसूचित जातीसाठी राखीव झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये राणांचं लग्न तेलुगू सिनेमात काम केलेल्या नवनीत कौर यांच्याशी झालं, अमरावतीत, सामुदायिक सोहळ्यात, हजारो जोडप्यांबरोबर. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हजर, बाबा रामदेव हजर. लग्न होतं की प्रचाराचा नारळ, तुम्ही ठरवा. तीन वर्षांत, २०१४ ला, राष्ट्रवादीचं तिकीट. शिवसेनेच्या आनंदराव अडसुळांनी पाडलं. २०१९ ला अपक्ष, पाठीशी काँग्रेस-राष्ट्रवादी, आणि या वेळी अडसूळ पडले. २०२४ ला भाजपचं तिकीट. दहा वर्षांत तीन वेगळी निशाणं. घर तेवढं एकच.

दाखल्याचा वाद सगळ्यांना माहीत आहे. ८ जून २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयानं त्यांचा 'मोची' जातीचा दाखला रद्द केला, दोन लाखांचा दंड ठोठावला. ४ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, जात पडताळणी समितीनं दाखला वैध ठरवला होता तेच कायम केलं. त्याच दिवशी त्यांनी उमेदवारी अर्ज भरला. तेव्हा कायद्यानं दाखला खरा. मी त्यावर वाद घालत नाही. ज्यांची सगळी लढाई दाखल्यापाशी सुरू होऊन दाखल्यापाशीच संपते, त्यांना खरा आजार दिसलाच नाही, असं माझं म्हणणं आहे. समजा, दाखल्यावर कधीच कुणी बोट ठेवलं नसतं. तरी प्रश्न उरतोच की हो! राखीव जागेवरच्या बाईचं तिकीट कुठल्या वस्तीत ठरलं? कुठल्या मोच्याच्या पालात, कुठल्या बौद्धवाड्यात, कुठल्या मांगवाड्यात बैठक बसली आणि म्हणाली, ही आमची?

जात लग्नानं बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली तेच सांगितलं. एका अगरवाल घरातल्या शिक्षिकेनं दलित माणसाशी लग्न केलं, अनुसूचित जातीच्या दाखल्यावर वीसेक वर्षं नोकरी केली; कोर्टानं सांगितलं, जात जन्मानं मिळते, लग्नानं मिळत नाही. ठीक. जात नवऱ्याकडून येत नाही. पण मतदारसंघ नवऱ्याकडून येतो! संघटना येते, गाड्या येतात, पोरं येतात, पैसा येतो, तालुक्या-तालुक्यातली ओळख येते. राणांचा युवा स्वाभिमान पक्ष नवऱ्यानं उभा केलेला, आणि बायको त्याच्या बळावर उभी. दाखल्यावर तिचं नाव, दरबारात त्याचं.

आणि त्या राखीव जागेच्या खासदाराचं नाव देशभर कधी गाजलं? शिष्यवृत्तीवर? सफाई कामगारांच्या ठेकेदारीवर? नाही. एप्रिल २०२२ मध्ये, मातोश्रीपुढं हनुमान चालिसा म्हणणार म्हणून. नवरा-बायको दोघांची घोषणा, दोघांना एकाच दिवशी अटक, दोघांवर राजद्रोहाचं कलम. ते कलम लावणं हा सरकारचा माजच होता, तेही सांगून ठेवतो. पण बाबासाहेबांनी राखीव जागा मागितली ती याच्यासाठी?

बाई बोलायला कमी नाही. धीट आहे, खासदार असताना लोकसभेत आवाज चढवून बोलायची. २०२४ च्या प्रचारात तिच्या सिनेमावरून, नाचण्यावरून जी घाण ओकली गेली त्यात सामील होणाऱ्या आपल्या पोरांना मी इथंच सांगतो, थोबाड बंद ठेवा. तमाशातल्या आपल्याच बायांना ज्यांनी तीच शिवी दिली त्यांची भाषा आहे ती. माझा राग बाईवर नाही. बाई पुढं, कारभारी मागं, आणि आपली जात झेंड्यासारखी मागच्या काठीला, या रचनेवर आहे.

त्या निवडणुकीत त्या १९,७३१ मतांनी पडल्या, दर्यापूरचे आमदार काँग्रेसचे बळवंत वानखडे निवडून आले. आपल्याकडं फटाके फुटले. फोडा. पण त्याच मैदानात रिपब्लिकन सेनेचे आनंदराज आंबेडकर, वंचितच्या पाठिंब्यानं, उभे होते. तिकडं नवऱ्याचं नाव चालवलं, इकडं आजोबांचं. नावाशिवाय उमेदवार आपल्याला सुचतच नाही का?

आमच्या जिल्ह्याचंच घ्या. बुलढाण्याची लोकसभा २००९ च्या आधी तीस वर्षं राखीव होती. १९७७ ला रिपब्लिकन पक्षाचे दौलत गवई इथून निवडून गेले. मग १९८० ला काँग्रेसचे बाळकृष्ण वासनिक, १९८४ ला त्यांचा मुलगा मुकुल, पंचविशीतला. बाप झाला की लेक. पुढं शिवसेनेनं मुंबईचे अडसूळ आणले, बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी. बुलढाणा खुला झाला, अमरावती राखीव झाली, तसे अडसूळ अमरावतीला गेले. राखीव जागा जाईल तिकडं उमेदवार जातो, जसं माल असेल त्या धक्क्याला जहाज. बुलढाण्यातला, मलकापुरातला, नांदुऱ्यातला गावकुसाबाहेरचा माणूस धक्क्यावर हमाली करत उभाच.

हे सगळं येतं कुठून? २४ सप्टेंबर १९३२, येरवडा. स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त आले. जागा ७१ च्या १४८ झाल्या, आणि उमेदवार आपला, मतदार सगळे, असा खेळ सुरू झाला. त्या करारात निदान एक सोय होती. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मत देऊन चार उमेदवार निवडायचे, मग सगळ्यांनी त्यातून एक. संविधानाच्या राखीव जागांत ती चाळणी राहिली नाही. आता चाळणी पक्षाच्या हपिसात. आणि हपिसातल्या साहेबाला राखीव जागेसाठी माणूस हवा असतो तो असा, ज्याचं बटण दुसऱ्याच्या हातात आहे. बायकोपेक्षा सोपं बटण कुठलं? निदान त्याला तसं वाटतं.

बारामतीत २०२४ ला सुनेत्रा पवार उभ्या राहिल्या, नवरा तेव्हा उपमुख्यमंत्री, समोर नणंद. तो त्यांच्या वाड्यातला मामला, सत्ता कुठल्या खोलीत ठेवायची एवढाच वाद. आपल्याकडं तेच घडलं की अर्थ बदलतो. त्यांच्या बायकोनं नवऱ्याची जागा घेतली तर वाडा शाबूत राहतो. आपली जागा दुसऱ्याच्या वाड्यात गेली तर आपण पुन्हा उकिरड्यावर.

'बाईला एकटीनं उभं राहणं परवडतं का? नवऱ्यानं साथ दिली तर बिघडलं काय?' मलकापूरच्या स्टेशनाबाहेर चहा पिताना चळवळीतल्याच एका दोस्तानं मला विचारलं. काही बिघडलं नाही. नवऱ्यानं सतरंज्या उचलाव्यात, पोरं सांभाळावीत, पत्रकं वाटावीत, रात्री भिंती रंगवाव्यात. बायकांनी शंभर वर्षं आपल्या पुढाऱ्यांसाठी हेच केलंय. पण निवडून आल्यावर तहसीलदार फोन कुणाला करतो, तेवढं बघ लेका. त्यावरून कळतं कुणाची साथ आणि कुणाची सत्ता.

आणि आपण तोंड वर करून बोलायच्या लायकीचे आहोत का? माईसाहेबांचं काय केलं आपण? शिकलेली डॉक्टर बाई, बाबासाहेबांच्या शेवटच्या वर्षांत त्यांचं आजारपण अंगावर घेतलेली. ६ डिसेंबर १९५६ नंतर तिच्यावर संशयाची राळ उडवली, चळवळीतून बाहेर काढली. पुढाऱ्याची बायको गप्प असेल तर माता, बोलली तर नागीण. तिला पुन्हा व्यासपीठावर आणलं ते सत्तरच्या दशकातल्या पँथरच्या पोरांनी, हे त्यांचं मोठं काम. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं, आंबेडकरी चळवळीतल्या बायांना शोधून शोधून बोलतं केलं. आपल्यातल्या किती जणांनी ते वाचलंय? हात वर करा. मी स्वतः गेल्या वर्षी वाचलं, ते पत्रक लिहून झाल्यावर किती तरी दिवसांनी.

हे आत्ता का लिहितोय, तर २०२३ साली लोकसभा-विधानसभेत बायांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती झाली. तिची अंमलबजावणी जनगणना आणि फेररचनेला बांधली आहे. त्यात राखीव जागांतल्याही एक तृतीयांश जागा आपल्या बायांसाठी. ग्रामपंचायतीत जे झालं ते दिल्लीपर्यंत पोचायला वेळ लागणार नाही. राज्यभरचे आमदार, साखर कारखानदार, ठेकेदार आत्तापासून हिशोब करत असतील. कुणाच्या घरात दाखला आहे? कुणाच्या घरात आणता येईल? आणि आपले गटागटाचे पुढारी स्वतःच्या सौ.चा फोटो काढायला स्टुडिओत गेले असतील. येरवड्यातली ती चाळणी आपली आपण लावा. वस्तीची सभा बसवा, बायका पुढं, पुरुष मागं. उमेदवारानं एकटीनं यायचं, नवरा घरी. तासभर प्रश्न विचारा. टिकली तर तिच्यासाठी मर मर मरा. तोवर कुणाच्याही सौभाग्यवतीचं पत्रक छापू नका.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. या वेळी जनरल डब्यात, संडासाच्या दारापाशी उभा. वहिनीला म्हटलं, मी हे लिहितोय. ती भाकर थापत होती. म्हणाली, "तुमी कवी ना भाऊजी? मंग माह्यं नाव मोठं लिव्हाले काऊन लाजले?"

मी गप्प.

"रमाईच्या घरकुलात कोनाचं नाव हाये, कोनाचा दुसरा हप्ता अटकला, कोनाची भित अर्धीच हाये, मले इचारा. तुमच्या दादाले इचारसान तं ते मंत्र्याचं नाव सांगतीन." तव्यावरची भाकर तिनं उलटली. "पुढच्या खेपेले मी उभी राहीन तं पत्रक मी सांगतो. तुमी फक्त लिवा."

मी वही काढली. ती सांगत गेली, पहिल्यांदा तिचं नाव, मग तीन घरकुलं, मग नळाची लाईन जी आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबलीय. दादा ओट्यावर बसून ऐकत होता. काही बोलला नाही.