डम्पिंग बंद झाले. पाणी तपासले का?



२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरचा आपला हक्क बजावला. त्याच १९२७ साली देवनारला मुंबईचा कचरा पडू लागला. पुढे त्या ढिगाच्या कडेला राहायची पाळी कोणावर आली? मलबार हिलवाल्यांवर नव्हे, कष्टकऱ्यांवर. म्हणून पाणी मिळते का, एवढे विचारून भागत नाही. मिळालेल्या पाण्यात काय आहे, हेही विचारले पाहिजे.

गोराईचे डम्पिंग २००७ साली बंद झाले, मुलुंडचे २०१८ साली. डम्पिंग बंद झाले की गाड्या थांबतात, धूर कमी होतो, लोक सुटकेचा श्वास सोडतात. पण कचरा गेलेला नसतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि क्षार, अमोनिया, लोखंड, कधी शिसेही घेऊन जमिनीत उतरते. हे वर्षानुवर्षे चालते. सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणूनच घनकचऱ्याच्या २००० आणि २०१६ सालच्या नियमांत जागा बंद केल्यावरही निदान १५ वर्षे देखभाल सांगितली. हद्दीपासून ५० मीटरच्या आतले भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासायला सांगितले. ते अहवाल कुठे आहेत, हे विचारणे आपले काम.

तथागतांनी कालामांना सांगितले, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या. ‘पाणी चांगले आहे’ हेही ऐकीव आणि ‘पाणी विषारी आहे’ हेही ऐकीवच. दोन्ही पारखावे लागेल.

आधी वस्तीतल्या विहिरी, बोअर, हापसे यांची यादी करा. डम्पिंगपासूनचे अंतर, खोली, पाण्याचा रंग, वास, वापर हे सारे वहीत लिहा. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाणी वाट काढते. त्यामुळे जवळची बोअर चांगली आणि लांबची खराब, असेही घडते. म्हणून एकच नमुना घेऊ नका. उताराच्या बाजूचे दोन-तीन घ्या आणि डम्पिंगच्या वरच्या अंगाचा एक घ्या. नायट्रेट आणि जंतू संडासाच्या टाकीतूनही येतात. वरच्या विहिरीशी ताडून पाहिल्याशिवाय दोष कोणाचा ते कळत नाही.

नमुना घेताना पंप पाच-दहा मिनिटे चालू द्या. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणा, ती विसळू नका. बाटलीवर तारीख, वेळ, ठिकाण लिहून नमुने त्याच दिवशी पोचवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत शुल्क भरून तपासणी होते. पिण्याच्या पाण्यात, लिटरमागे, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. क्लोराइड २५० आणि एकूण विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमच्या आत असलेले बरे. अमोनिया आणि शिसेही तपासायला सांगा.

माताभगिनींनी एक ध्यानात ठेवावे. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट आणि शिसे जात नाहीत. पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते. तुरटीनेही ते जात नाहीत. नायट्रेट जास्त असलेले पाणी बाटलीच्या दुधात गेले तर तान्हे बाळ निळे पडू शकते. शंका असेल तर अहवाल येईपर्यंत बोअरचे पाणी धुण्याभांड्यांना ठेवा, पिण्याला नळाचेच घ्या.

अहवाल हाती आला की तोंडी तक्रार नको. नगरपालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्याने १० रुपयांत जुने तपासणी अहवाल मागता येतात; दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना तेही शुल्क नाही. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली म्हटले आहे. घटनेच्या २१ व्या कलमाचा तो अर्थ आहे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातच पाच जण बसा. दोन तरुण, दोन महिला मंडळाच्या भगिनी आणि जुन्या विहिरी ठाऊक असलेले एक वडीलधारे. एक वही घाला. पहिली नोंद उन्हाळ्यात, दुसरी पावसाळ्यानंतर. अर्जाला उत्तर आले नाही तर हीच वही तुमची साक्षीदार होईल.

जयभीम!