व्याख्येआधी वाक्य

‘आधी व्याकरण पक्के करा, इंग्रजी मागाहून आपोआप येईल.’ पालकसभेत, खासगी शिकवणीत आणि नातेवाइकांच्या सल्ल्यांत हे मत इतक्या खात्रीने मांडले जाते की, ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. दुसऱ्या बाजूला तितक्याच खात्रीने सांगणारे आहेत : ‘व्याकरणाचे नावही काढू नका. वर्गात मराठीचा एक शब्द नको. मूल मातृभाषा शिकते तसेच इंग्रजी ऐकून ऐकून शिकेल.’ या दोन्ही मतांमुळे पहिली ते चौथीच्या मुलांचे नुकसान होते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या पुढाकाराने राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीपासून असे. तेव्हा मोठा वाद झाला, पण तो सगळा ‘केव्हा’ या प्रश्नाभोवती फिरला. ‘कसे’ हा प्रश्न मागे पडला. परिणाम असा झाला की, पाचवीत दहा वर्षांच्या मुलाला जे ज्या रीतीने शिकवले जाई, तेच पुष्कळ ठिकाणी सहा वर्षांच्या मुलापुढे ठेवले गेले. नामाची व्याख्या, एकवचन-अनेकवचनाचे तक्ते, काळांची कोष्टके आणि पाठ करायला शब्दांची यादी.

व्याख्यावाद्यांचा युक्तिवाद आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. ते म्हणतात, मागच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर आणि रेन-मार्टिनच्या व्याकरणावर वाढल्या. त्यांचे इंग्रजी पाहा आणि आजच्या मुलांचे पाहा. यातला पहिला भाग खरा आहे. त्या पिढीतल्या कित्येकांनी निर्दोष इंग्रजी लिहिले. पण ती मुले या पुस्तकांपाशी आली तेव्हा त्यांना मराठी सफाईने लिहिता-वाचता येत होते. कर्ता, कर्म, क्रियापद या गोष्टी त्यांना मराठीच्या तासालाच भेटलेल्या होत्या. रेन आणि मार्टिन यांनी तर आपल्या पुस्तकाच्या नावातच ते हायस्कूलसाठी असल्याचे म्हटले आहे. आणि पाठमालेचा सगळा भर मराठी वाक्य इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्य मराठीत नेण्यावर होता, व्याख्या घोकण्यावर नव्हता. त्या पुस्तकांचे यश सहा वर्षांच्या मुलाकडून व्याख्या घोकून घेण्याच्या बाजूने साक्षीला आणता येत नाही.

आता मुलाकडेच पाहू. चार-पाच वर्षांचे मराठी मूल ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी केळे खाल्ले’ असे बिनचूक बोलते. खाणारा तोच, तरी क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलते. मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्या प्रयोगांचा पानोपानी ऊहापोह केला, ते प्रयोग हे मूल अंगणात खेळताना वापरते. ‘कर्मणी’ हा शब्द त्याने ऐकलेला नसतो. व्याकरण त्याच्याजवळ भरपूर असते, फक्त त्याची परिभाषा नसते.

अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे फार उपयोगी आहे. चार ते सात वर्षांच्या इंग्रजीभाषक मुलांना त्यांनी पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले आणि त्याचे नाव ‘वग’ आहे असे सांगितले. मग दोन प्राणी दाखवून विचारले, आता हे दोन काय? बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ असे उत्तर दिले. हा शब्द जगात नव्हताच, म्हणजे तो पाठ केलेला असणे शक्य नव्हते. मुलांनी नियम वापरला होता. त्याच प्रयोगात ‘टॅस’ या बनावट शब्दाचे ‘टॅसेस’ करणे मात्र अनेक मुलांना जमले नाही. नियम मुलांच्या मनात टप्प्याटप्प्याने घडतो आणि त्या टप्प्यांचा क्रम पुस्तकातल्या क्रमासारखा नसतो, हे यातून दिसते.

रॉजर ब्राउन यांनी १९७३ साली तीन मुलांच्या बोलण्याच्या दीर्घ नोंदींवरून हा क्रम मांडला. क्रिया चालू असल्याचे दाखवणारा ‘-इंग’, मग ‘इन’ आणि ‘ऑन’, अनेकवचनाचा ‘-एस’ ही रूपे आधी आली. ‘ही रन्स’ मधला क्रियापदाचा ‘-एस’ खूप मागे राहिला. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांची ही गोष्ट. आपण मात्र साध्या वर्तमानकाळापासून सुरुवात करतो, ‘तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाला एस किंवा ईएस लावा’ असे सांगतो आणि मूल तो विसरले की लाल शाईने गोल काढतो. जे रूप उशिरा पिकते त्याबद्दल आपण लहान मुलाला आधीच नापास करतो. हा अन्याय आहे, आणि तो रोज घडतो.

मग दुसरे मत बरोबर ठरते का? सारे सोडून द्यावे आणि मुलाने नुसते ऐकत राहावे? नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेचे वर्षाला किमान २०० दिवस. इंग्रजीची रोज ३५ मिनिटांची तासिका धरली तर वर्षाचे सुमारे ११७ तास होतात. तान्हे मूल दिवसातले दहा तास जागे असते असे मानले तर ते बारा दिवसांच्या आत एवढी मातृभाषा ऐकते. शिवाय ते एकट्यासाठी बोललेले, कुशीत घेऊन बोललेले असते. चाळीस मुलांच्या वर्गात वर्षभरात बारा दिवसांचे ऐकणे द्यायचे आणि भाषा आपोआप उगवेल म्हणायचे, हे शास्त्राच्या नावाखाली मुलांना वाऱ्यावर सोडणे आहे. ज्या घरात आईवडील इंग्रजी बोलतात तिथले मूल तरून जाते. ऊसतोड कामगाराचे, शेतमजुराचे मूल तरत नाही. म्हणून हा वाद मला केवळ अध्यापनपद्धतीचा वाटत नाही.

मराठीला वर्गाबाहेर ठेवण्याचा आग्रह तर सर्वांत घातक. मुलाच्या चुका कुठून येतात ते पाहिले की याचे कारण कळते. ‘आय मँगो ईट’ म्हणणारे मूल मराठीचा क्रम पाळत असते. ‘बुक टेबल ऑन’ म्हणणारे मूल ‘टेबलावर’ मधला ‘वर’ जिथे असतो तिथेच ठेवत असते. ‘दिस माय बुक’ म्हणणाऱ्याला ‘हे माझे पुस्तक’ यात ‘आहे’ची गरज कधी पडलेलीच नसते. आणि ‘हॅव’ पाहा. मला एक बहीण आहे, माझ्याकडे पेन्सिल आहे, तिला ताप आहे, गाईला शिंगे असतात : मराठीत इतक्या तऱ्हांनी सांगितलेले इंग्रजीत एकाच ‘हॅव’मध्ये जाते. बाईंनी दोन मिनिटे मराठीत हा फरक समोर मांडला तर मूल चटकन पकडते, कारण दोन्ही वाक्यांचा अर्थ त्याला कळत असतो. फक्त इंग्रजीतूनच समजावायचे ठरवले तर पूर्ण आठवडा जातो आणि शेवटी मुले बाईंच्या हातवाऱ्यांवरून अंदाज बांधतात. ज्या बाई स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकल्या, त्यांच्यावरही मराठी न वापरण्याची सक्ती अवघड आहे. त्या मग पुस्तकाबाहेरचे एकही वाक्य बोलायला धजत नाहीत.

शब्दसंग्रहाबद्दलची समजूत तर दोन्ही पक्षांत सारखीच चुकीची आहे. फळे, भाज्या, प्राणी, रंग, वाहने यांचे तक्ते भिंतीवर असतात. मुलाला पन्नास प्राण्यांची नावे येतात आणि घरचे समाधान पावतात. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ साली लहान मुलांच्या वाचनात सतत येणाऱ्या २२० शब्दांची यादी केली. तिच्यात नामे नाहीतच. नेहमीच्या ९५ नामांची यादी त्यांनी वेगळी केली. ‘द’, ‘ऑफ’, ‘टू’, ‘विथ’, ‘देअर’, ‘व्हॉट’, ‘गिव्ह’, ‘अंडर’ असे शब्द त्या २२० मध्ये आहेत. नामे गोष्टीगणिक बदलतात, हे शब्द प्रत्येक गोष्टीत भेटतात. आपल्या मुलाला ‘ऱ्हायनॉसरस’ येते आणि ‘गिव्ह इट टू हर’ येत नाही, याचे कारण या तक्त्यांत आहे. ढाक्यात बंगाली मुलांना शिकवताना मायकेल वेस्ट यांनी मोजक्या शब्दांत बसणारी वाचनपुस्तके तयार केली आणि पुढे १९५३ साली सुमारे २,००० शब्दांची उपयुक्त यादी प्रसिद्ध केली. तेच थोडे शब्द पुन्हा पुन्हा, नव्या नव्या वाक्यांत भेटावेत यावर त्यांच्या पुस्तकांचा भर होता.

तेव्हा माझे म्हणणे असे. चौथीपर्यंत इंग्रजी व्याकरण जरूर शिकवावे, पण वाक्यांतून, आणि परिभाषेशिवाय. पहिलीत ताट, वाटी, चमचा घ्यावा. चमचा वाटीत, वाटीखाली, ताटावर ठेवत ‘इन’, ‘अंडर’, ‘ऑन’ बोलून घ्यावे. मग मुलांनी एकमेकांना तशा सूचना द्याव्यात. उड्या मारणाऱ्या मुलाकडे बोट दाखवून ‘ही इज जंपिंग’ म्हणावे, कारण हे रूप लवकर येते आणि डोळ्यांसमोर घडते. ‘-एस’चे क्रियापद गोष्टींमधून कानावर पडू द्यावे, त्याचे गुण तिसरीपर्यंत कापू नयेत. प्रत्येक नाम वाक्यात बांधूनच द्यावे : नुसते ‘मँगो’ नको, ‘आय वॉन्ट अ मँगो’. त्या ‘अ’साठी मराठीत स्वतंत्र खूण नाही, म्हणून तो सवयीनेच बसावा लागतो आणि सुट्या शब्दांच्या यादीत ती सवय लागत नाही.

परिभाषेला माझा विरोध नाही. पाचवी-सहावीत, मराठीच्या तासाला नाम-सर्वनाम-विशेषण ओळखू लागल्यावर, त्याच मुलांपुढे इंग्रजीतली नावे ठेवावीत. तोवर त्यांच्याजवळ शेकडो वाक्ये जमलेली असतील आणि नियम कशाबद्दल बोलतो आहे ते त्यांना दिसेल. वर्गीकरण करायला आधी हाताशी काही असावे लागते.

पालकांकडे एक मागणी आहे. मुलगी शाळेतून आली की ‘आज किती स्पेलिंग झाली’ असे विचारू नका. तिला घरातली कोणतीही वस्तू कुठे आहे ते इंग्रजीत सांगायला लावा, आणि तिचे वाक्य चुकले तर तेच वाक्य बरोबर म्हणून पुढे चला. आणि शाळांकडे : दुसरीच्या तोंडी परीक्षेतून व्याख्या विचारणे या वर्षीच बंद करा. त्या पाच गुणांसाठी मुलांना चित्रातली मांजर कुठे बसली आहे आणि काय करते आहे ते सांगू द्या.