गोवा, व्हाया भाईंदर

सुट्टीचा शेवटचा दिवस म्हणजे रविवारची संध्याकाळ गुणिले दहा, हो ना? आमचं गोव्याचं बजेट फ्लॅटच्या हप्त्याने गिळलं. मग चार दिवसांची रजा मीरा रोडच्या घरातच काढली आणि शेवटच्या दिवशी भाईंदर स्टेशनबाहेरून उत्तनची बस पकडली.

टॉवर मागे पडले, नारळ सुरू झाले. कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील वाळत होते. नवऱ्याने नाक मुरडलं, मी पाव किलो घेतले! पुढे चौकला धारावी किल्ल्याच्या बाजूला बसलो. खाडीपलीकडे वसईचा किल्ला. चिमाजी अप्पांनी तो १७३९मध्ये घेतला. मोहीम दोन वर्षं चालली.

''दोन वर्षं? आपल्या लग्नाएवढीच!'' नवरा म्हणाला.

त्याची रात्रपाळी, माझ्या डेडलाइन्स. आमचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालतो.

''शेवटचं कधी भांडलो गं आपण?''

''भांडायला भेटतो कुठे?''

दोघंही हसलो. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. सूर्य समुद्रात टेकला तेव्हा तो हळूच म्हणाला, ''दिवसाची शिफ्ट मागू का? रात्रीचा भत्ता जाईल पण.''

मी मनातल्या मनात हप्ता, लाइट बिल, किराणा अशी बेरीज केली. जमेल, ओढूनताणून.

''माग,'' मी म्हटलं. ''गोवा पुढच्या वर्षीही नाही मग.''

रात्री बोंबील तळले. त्याने चार खाल्ले. नाक न मुरडता!