आरोग्याच्या चार गोष्टी : आजार झाकू नका

अळंबीतल्या 'सिलोसायबिन' द्रव्याबद्दल आम्हांला हल्ली विचारणा होते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने 2020 साली मतदानाने त्याला परवानगी दिली. 2023 पासून तिथे परवाना असलेली केंद्रे आहेत. वय 21 पूर्ण हवे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मात्र ते अजून बंदच, आणि आपल्या इस्रायलमध्येही मनाई.

तिथे अळंबी लगेच हातात देत नाहीत. आधी मार्गदर्शकाबरोबर वेगळी बैठक होते. औषधे कोणती चालू, आजार कोणते झाले, मनात भीती कसली, नंतर घरी कोण नेणार, सगळे विचारतात. गेल्या 30 दिवसांत लिथियम घेतले असेल तर सरळ नकार. दोन्ही एकत्र झाल्याने झटके आल्याची उदाहरणे आहेत.

आपण मनाचा आजार सोयरिकीच्या धास्तीने झाकतो. इथे झाकणे महागात पडेल. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला भास-भ्रमाचा आजार असेल, तर स्पष्ट सांगावे. चालू गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

मुलांनो, रानातली अळंबी तोंडात घालायची नाही हं! आजीआजोबांच्या गोळ्यांची यादी मात्र सुवाच्य अक्षरात लिहून द्या. कुठल्याही दवाखान्यात ती कामाला येते.