सर्रा रोग आणि सुईची शिस्त

मावळात आषाढ लागला की भातखाचरांतून चिखलणी सुरू होते. हे काम आता बरेचसे यंत्राने होत असले, तरी बैलांना व म्हशींना पावसाळाभर चिखलापाण्यातूनच वावरावे लागते. याच सुमारास गोमाशांचा उपद्रव वाढतो. लोणावळ्यास वर्षाकाठी साधारणतः ४,००० मिलिमीटरांपुढे पाऊस पडतो. ओलसर माती, ओढ्यांचे काठ आणि पाणथळ बांध ही गोमाशीच्या अळ्यांची घरेच होत. पाऊस ओसरू लागला म्हणजे एखाद्या म्हशीचे दूध अकस्मात घटते, एखादे तट्टू चारा खाऊनही खंगत जाते, ताप येतो व आपोआप उतरतो. ताप उतरला म्हणजे दुखणे गेले, असे समजून मालक निश्चिंत होतो. सर्रा रोगाच्या बाबतीत हीच निश्चिंती घातक ठरते.

सर्रा हा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी नामक सूक्ष्म परजीवीमुळे होतो. १८८० साली डेरा इस्माईलखान येथे लष्करी पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना घोडे व उंट यांच्या रक्तात तो प्रथम आढळला, आणि रोगी जनावराचे रक्त निरोगी जनावराला टोचल्यास रोगही त्याच्याबरोबर जातो, हे त्यांनी दाखवून दिले. हा एकपेशीय जीव वितीच्या नव्हे, तर मिलिमीटराच्या चाळिसाव्या हिश्शाएवढ्या लांबीचा, चातीसारखा दोन्ही टोकांस निमुळता असतो. त्याच्या अंगास लहरणारा पातळ पडदा व पुढे चाबकासारखी शेपटी असते. सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या रक्ताच्या थेंबात तो वळवळत तांबड्या पेशींना ढकलीत जाताना दिसतो.

या परजीवीचे खरे बळ त्याच्या अंगरख्यात आहे. त्याचे शरीर एका विशिष्ट प्रथिनाच्या थराने झाकलेले असते. जनावराचे शरीर तो थर ओळखून प्रतिकार करते व बहुतेक परजीवी मरतात, ताप उतरतो. परंतु तोवर काहींनी निराळा थर धारण केलेला असतो. तेच पुन्हा वाढतात व ताप परत चढतो. म्हणूनच या रोगावर आजतागायत लस निघू शकलेली नाही. यास्तव उतरलेला ताप हे बरे झाल्याचे लक्षण नसून केवळ दोन चढायांमधील विसावा होय.

आफ्रिकेतील याच्या जातभाईंना त्सेत्से माशीच्या पोटात वाढावे लागते. सर्र्याच्या परजीवीने मात्र माशीत वाढण्याची क्षमता गमावली आहे, आणि हीच उणीव त्याच्या पथ्यावर पडली आहे. त्याला ठराविक माशी लागत नाही. ताजे रक्त एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेणारे कोणतेही साधन पुरते. गोमाशीचा दंश झोंबणारा असतो. जनावर शेपूट झाडते, माशी अर्धपोटी उठते आणि शेजारच्या जनावरावर बसून जेवण पुरे करते. तिच्या सोंडेवर चिकटलेले रक्त तेवढ्याने दुसऱ्याच्या अंगात उतरते.

ज्या कारणाने गोमाशी घातक, नेमक्या त्याच कारणाने न बदललेली सुईही घातक होय. दहा जनावरांना एकाच सुईने टोचीत जाणारा माणूस गोमाशीचेच काम करतो. किंबहुना अधिक सफाईने करतो, कारण सुईला झाडून टाकण्यास शेपूट पुरत नाही. लसीकरणाच्या गर्दीत "एवढ्या जनावरांना एवढ्या सुया कोठून आणाव्यात," असा प्रश्न विचारला जातो. एका सुईची किंमत आणि एका दुभत्या म्हशीची किंमत शेजारी शेजारी मांडून पाहिल्यास या प्रश्नाचे उत्तर निराळे द्यावे लागत नाही.

दुसरा गैरसमज असा की, सर्रा हा घोड्यांचा रोग आहे, गाईम्हशींचा नव्हे. घोड्याला तो उघडपणे ग्रासतो: राहून राहून ताप, पांढुरकी पडलेली श्लेष्मल त्वचा, पोटाखाली व पायांवर सूज, मागच्या पायांत लटपट, आणि उपचार न झाल्यास बहुधा मृत्यू. गाईम्हशींत मात्र तो पुष्कळदा दबून राहतो. दूध घटते, गाभ जातो, कधी जनावर गोल फिरते वा भिंतीस डोके लावते. पण अनेकदा बाहेरून काहीच दिसत नाही आणि परजीवी रक्तात टिकून राहतो. लोणावळा-खंडाळ्यास पर्यटकांना फिरविणारी तट्टे जेथे चरतात, तेथेच आसपासच्या म्हशीही चरत असल्या, तर एकाने दुसऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. तट्टूवाल्याचे व म्हैसवाल्याचे हित येथे एकच आहे.

माणसास हा रोग सहसा होत नाही. मानवी रक्तद्रवातील एक प्रथिन या परजीवीचा नाश करते. तथापि २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात तो आढळला. त्या शेतकऱ्याच्या शरीरात हे संरक्षक प्रथिनच नव्हते, असे पुढील संशोधनात निष्पन्न झाले. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. अशी उदाहरणे अत्यंत विरळ असल्याने भीतीचे कारण नाही. मात्र जनावराचे रक्त उघड्या जखमेस लागू न देण्याची खबरदारी प्रत्येकाने घ्यावी.

अंदाजाने औषध टोचण्याची चालही सोडली पाहिजे. गोचीड तापावर दिले जाणारे डिमिनाझीन सर्र्याच्या परजीवीवरही काही अंशी चालते. परंतु मात्रा अपुरी पडल्यास रोग दबतो, जात नाही, आणि औषधास न जुमानणारे परजीवी उरण्याचा धोका वाढतो. क्विनापिरामिनसारखे औषध कोणते, किती व केव्हा द्यावे, हे पशुवैद्यकाने वजन पाहून ठरवावयाचे असते.

म्हणून पावसाळा ओसरताना येणाऱ्या प्रत्येक उलटसुलट तापात आधी रक्त पाहावे, मग सुई धरावी. ताप चढलेला असतानाच कानाच्या शिरेतील रक्ताचा पातळ लेप काचपट्टीवर घ्यावयास लावून ती दवाखान्यात पोचवावी. एका काचपट्टीत परजीवी न दिसल्यास पुन्हा तपासणी करावी. रोगी जनावर इतरांपासून दूर व दिवसा गोठ्यातच बांधावे, कारण गोमाशी उजेडात उडते व बंद गोठ्यात सहसा शिरत नाही. शेण व कुजका पेंढा हटविल्याने गोठ्यातील चावऱ्या माश्या घटतील. गोमाशी त्याने नाहीशी होणार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मावळचा पाऊस कोणी थांबवू शकत नाही, आणि पाऊस आहे तोवर गोमाशीही राहणार. सुई मात्र सर्वस्वी माणसाच्या हातात आहे. गावात लसीकरणाचा दिवस ठरेल तेव्हा जनावरे मोजावीत तशाच सुयाही मोजाव्यात. आणि दोन्ही आकडे जुळल्यावाचून ग्रामसेवकाने व पशुपालकाने पहिले जनावर पुढे आणू नये.